राजदूतची टाळू

आक्काचं पत्र श्रावणात आलं आणि मी त्याला उत्तर दिलं नाही.

पत्र म्हणजे साधं पोस्टकार्ड. आक्का माझी थोरली बहीण, जयसिंगपूरला मुलाकडे असते. तिला आता फार कमी ऐकू येतं. कानात यंत्र घातलं की डोक्यात गांधीलमाश्या शिरतात म्हणते, म्हणून फोनचा काही उपयोग नाही. काही कळवायचं असलं की ती कार्ड टाकते, आणि बोलते तसंच लिहिते.

"कृष्णा, दसरा जवळ आला. औंदा दुसऱ्या दिवशी पन्हाळ्याला न्हेनार हाईस का न्हाईस? यशराज म्हन्तोय कारनं जाऊ. कारच्या काचंतनं मला वारं लागत न्हाई. तुझ्या हातास्नी काय झालेलं न्हाई. गाडीतच कायतरी हुतं. मी मागं बसलेली, मला म्हाईत हाय. व्हय का न्हाई, एवढंच लिव."

एवढंच लिहायचं होतं. पण माझं सगळं आयुष्य कॉलेजच्या ग्रंथालयात गेलं, दुसऱ्यांनी लिहिलेलं नीट लावून ठेवण्यात. स्वतः एक ओळ लिहायची म्हटली की मला ती चार बाजूंनी चुकीची दिसू लागते. 'हो' लिहिलं तर ते खरं असेल का? 'नाही' लिहिलं तर आक्का काय करेल? मी 'बघू' असं लिहून पाहिलं. ते इतकं पुळचट दिसलं की कार्ड फाडून टाकलं.

आमचा दर वर्षीचा एक नेम आहे. खंडेनवमीला आक्का कोल्हापुरात माझ्याकडे येते, गाडीची पूजा करते, दसऱ्याला सोनं देऊन-घेऊन होतं आणि दुसऱ्या दिवशी मी तिला माझ्या जुन्या राजदूत मोटरसायकलवर मागं बसवून पन्हाळ्याला नेतो. तिथं एखाद्या बाईकडून झुणका-भाकरी घ्यायची, सावलीतल्या कट्ट्यावर बसून खायची, खाली दिसणाऱ्या हिरव्या तुकड्यांमधला आपल्या वडलांचा कुठला यावरून भांडायचं, आणि परत यायचं. मी लग्न केलं नाही, आक्काचे यजमान लवकर गेले. एकमेकांशी भांडायला आम्हाला दुसरं कुणी फारसं उरलेलं नाही.

गेल्या वर्षी आम्ही पन्हाळ्याला पोचलोच नाही. मंगळवार पेठेतल्या आमच्या गल्लीच्या तोंडाशीच पडलो. गाडी माणूस चालतो त्या वेगात होती. डावीकडे वळताना हँडल थोडं वळलं आणि तिथंच राहिलं, निदान मला तसं वाटलं. ते सरळ करायच्या नादात मी घाबरून ब्रेकऐवजी मूठ पिळली. आक्का एका अंगाला बसते, तशीच एका अंगाला खाली गेली, तिच्या पाठोपाठ मी. गाडी मात्र एकटीच पुढे गेली आणि विजेच्या खांबावर आदळली. आक्काचं मनगट मोडलं. मला ओरखडासुद्धा आला नाही.

यशराज, म्हणजे माझा भाचा, शांत मुलगा आहे. प्लास्टर घालून आणल्यावर तो मला एवढंच म्हणाला, "मामा, आता बास करूया की. आईचं हाड परत जुळायचं न्हाई."

तो कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत नोकरीला आहे. तिथल्या त्याच्या साहेबांना जुन्या गाड्या जमवायचा नाद आहे. राजदूत त्यांनी मागितली होती. मी दसऱ्यापर्यंत सांगतो म्हणालो होतो.

तेव्हापासून रोज सकाळी मी डाव्या हातात काठोकाठ भरलेला पाण्याचा पेला धरून उभा राहायचो. पाणी हलतं का ते बघायचं. कधी हलायचं, कधी नाही. हललं की वाटायचं, हात गेले. नाही हललं की वाटायचं, आज चांगला दिवस आहे, पण वळणावर नेमका वाईट असेल तर?

शेवटी गणपती बसून उठले, भाद्रपद सरत आला, तेव्हा मी ठरवलं की विकायची तरी सरळ करून विकावी. घराशेजारच्या बोळातून गाडी टेम्पोत चढवली आणि उद्यमनगरात मीरासाबांकडे नेली.

मीरासाब माझ्याच वयाचे. खालच्या खोलीत गॅरेज, वर घर. त्यांचा आवाज इतका मोठा की शेजारच्या कारखान्यातलं मशीन चालू होतं, हे ते बंद पडल्यावरच आपल्याला कळतं.

"हे काय आणलंसा पावणं?"

"गाडी," मी म्हणालो.

"गाडी व्हय? मला वाटलं चाक चाललंय राधानगरीला आन् हँडल चाललंय मिरजेला." त्यांनी पुढचं चाक दोन गुडघ्यांत धरलं आणि हँडल हलवून पाहिलं. "कुनी पाडली?"

"मी."

"मागं कोन हुतं?"

"थोरली बहीण."

त्यांनी जिभेनं च्यक् केलं. वरच्या खिडकीतून त्यांच्या बायकोचा, हुसेनबींचा आवाज आला, "लई लागलं का ओ त्येनला?"

"मनगट मोडलं होतं. आता बरं आहे," मी खिडकीकडे न बघता म्हणालो.

मीरासाबांनी त्याच दिवशी पुढचा भाग मोकळा केला. चाक काढलं, मडगार्ड काढलं, पुढचे दोन्ही पाइप बाहेर घेतले. टेबलावर जाड काच होती. तिच्यावर पाइप ठेवून त्यांनी बोटानं ढकलला. सरळ पाइप नुसता गडगडत जातो. माझा पाइप लंगडत गेला. दुसराही तसाच. मग त्यांनी वरची टी हातात घेतली, म्हणजे दोन्ही पाइपांना वरून धरून ठेवणारा आडवा तुकडा. तीही किंचित पिळवटली होती.

"नवी मिळेल का?" मी विचारलं.

"राजदूतची टी? मिळंल की. सर्गात." ते हसले. "काळजी करू नगासा. कोल्हापुरात आगगाडीबी करून मिळंल, रूळ तेवढं तुमचं आणा."

त्यांनी टी स्वच्छ पुसली, रॉकेलात बुडवली, परत पुसून कोरडी केली आणि वर पांढरा खडू घासला. मग आम्ही दोघं चहा पीत तिच्याकडे बघत बसलो. कुठं बारीक तडा असला तर आत शिरलेलं रॉकेल खडूतून वर येतं आणि काळी रेघ उमटते. रेघ उमटली नाही.

"तडा असता तर म्या हात लावला नसता," मीरासाब म्हणाले. "वाकलेलं सरळ हुतंय. तडकलेल्याचं काय खरं न्हाई."

माझ्या मनात तेव्हा आपण यातले कोणते, हा विचार आलाच. तो मी कुणाला सांगितला नाही.

समोर ज्ञानूचं वर्कशॉप आहे. त्याच्याकडे लेथ आहे आणि हातानं दाबायचा प्रेस आहे. पाइप आणि टी तिथं सरळ झाले. मी रोज सकाळी जायचो, दाराजवळच्या स्टुलावर बसायचो. सोबत पुस्तक नेत होतो, पण ते उघडलं नाही. मला तिथं बरं वाटत होतं. कुणी मला काही विचारत नव्हतं, आणि एक वाकडी वस्तू रोज थोडी थोडी सरळ होताना दिसत होती. ग्रंथालयात फाटलेली पुस्तकं बांधायला बाइंडर येऊन बसायचा, तेव्हा मी असाच त्याच्याजवळ रेंगाळायचो.

गाडी जुळली. मीरासाब तिच्यावर बसून उद्यमनगरात एक चक्कर मारून आले. उतरतानाच ओरडले, "लोणी! नुस्तं लोणी!"

"हँडल कुठं अडकत नाही ना?" मी विचारलं.

"अडकाय काय झालंय?"

"म्हणजे... पडलो तेव्हा, डावीकडे वळताना, ते अडकल्यासारखं वाटलं होतं. कदाचित तसं नसेलही."

मीरासाब गाडीवर बसले आणि त्यांनी हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत दोनदा फिरवलं. त्यांचे दंड अजून पैलवानासारखे आहेत. "कुठं अडकतंय? बगा. सर, राग मानू नगासा. आता वय झालं. माझंबी झालंय. वळनावर हात कमी पडतोय. त्यात मागं बाई एका अंगाला बसलेली. पडलासा ते पडलासा, इसरून जावा."

त्यांचं काही चुकलं असं मला वाटलं नाही. हेच तर मी वर्षभर स्वतःला सांगत होतो. दुसऱ्याच्या तोंडून, तेही इतक्या मोठ्यानं ऐकल्यावर ते एकदम पक्कं झालं, एवढंच. मी ठरवलं की घरी जाऊन यशराजला फोन करायचा आणि आक्काला 'नाही' म्हणून लिहायचं.

"ब्रेकची वायर तेवढी बदलतो, मग घेऊन जावा," म्हणून मीरासाबांनी पुढचं चाक वर उचलून खाली लाकडी ठोकळा सरकवला आणि वायर आणायला ज्ञानूकडे गेले.

मी गाडीजवळ उभा राहिलो. निरोप घ्यावा तसा. हँडलच्या टोकाला एक बोट लावून मी ते हलकेच ढकललं. चाक अधांतरी होतं, त्यामुळे हँडल पाण्यात फिरावं तसं फिरलं, उजवीकडे गेलं, मध्ये आलं, थोडं डावीकडे गेलं आणि थांबलं. मी परत ढकललं. परत त्याच जागी थांबलं. मी मुद्दाम उजव्या हाताच्या बोटानं ढकललं, मग करंगळीनं. प्रत्येक वेळी ते फिरत फिरत येऊन त्याच जागी, थोडं डावीकडे, अलगद बसायचं.

हे मला ओळखीचं होतं. ग्रंथालयात जास्त वाचलेलं पुस्तक नुसतं तळहातावर ठेवलं की आपोआप एका ठरावीक पानावर उघडतं. सगळ्यांनी तेच पान उघडून ठेवलेलं असतं, म्हणून पुस्तकाला त्याची सवय लागते. माझ्या हँडललाही कसली तरी सवय लागली होती. आणि माझी करंगळी काही म्हातारपणानं कमी पडली नव्हती, कारण तिनं काही केलंच नव्हतं.

तरी मी गप्प बसलो असतो. मीरासाब वायर घेऊन आले, खाली बसले, काम सुरू केलं. मी दोनदा घसा साफ केला.

"मीरासाब, मला वाटतं... म्हणजे मी काही यातला नाही..."

"काय?"

"नाही, काही नाही."

वरून हुसेनबी कडाडल्या, "आवो, ते काय म्हन्त्यात ते ऐका तरी! मगापासनं त्येंचं तोंड उघडतंय आन् मिटतंय, माशागत!"

मीरासाब उठून उभे राहिले. मी काही न बोलता एका बोटानं हँडल ढकललं. ते फिरलं आणि आपल्या जागी जाऊन बसलं. परत ढकललं. परत बसलं.

मीरासाबांचा चेहरा हळूहळू बदलला. त्यांनी स्वतःचं जाड बोट लावून पाहिलं. डोळे मिटून पाहिलं.

"आयला," ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज माणसासारखा आला. "मी दांडगाईनं फिरीवत हुतो. म्हनून कळलं न्हाई." मग परत गर्जना, "ज्ञानू! मोठा पाना घेऊन ये!"

हँडल गाडीच्या मानेत ज्याच्यावर फिरतं तो कोनसेट त्यांनी अजून उघडला नव्हता. वर एक वाटी, खाली एक वाटी, आणि मध्ये छर्रे, म्हणजे पोलादी गोळ्या. वरचा नट काढला. छर्रे घरंगळून बाहेर यायला हवे होते. एकही आला नाही. काळपट तपकिरी लगद्यात ते चिंचोक्यांसारखे रुतून बसले होते. मीरासाबांनी एकेक उकरून काढला, वाटी पुसली आणि उजेडात धरली. वाटीत गंजाचे खड्डे होते, एकापुढे एक, गोळीच्या आकाराचे.

"पानी मुरलंय," ते म्हणाले. "गाडी उभी कशी करता तुमी? हँडल सरळ?"

"नाही. बोळात वर पत्रा आहे, पण पाण्याचा पाइप आडवा येतो. थोडं डावीकडे वळवूनच लावावी लागते."

"झालं तर! छर्रं त्या जागी बसून गंजलं. वळताना त्या जागंवर आलं की खड्ड्यात जात्यात. मागं वजन असलं की बाहीर निघत न्हाईत. वरचं धुळीचं टोपन कुठंय?"

"ते कधीच पडलं."

"पन एवढं पानी आलं कुठनं? पावसात तर लावत न्हाईसा."

मी टेबलावर पसरलेल्या त्या लगद्याकडे बघत होतो. त्यात काहीतरी पांढरट होतं. मी खिशातला रुमाल काढून ते पुसलं. तांदळाचा दाणा होता, लालसर झालेला. शेजारी आणखी एक. बोटाला हळद लागली होती, आणि वास होता खवट, जुन्या खोबऱ्याचा.

मी स्टुलावर बसलो.

"काय झालं सर?"

"अक्षता आहेत," मी म्हणालो. "आक्काच्या."

मग मला ते सगळं सांगावं लागलं. खंडेनवमीला इतर लोक नारळ चाकापुढे फोडतात. आक्काला ते पटत नाही. पाण्याचा अभिषेक पायावर कुणी करतं का, डोक्यावर करतात, असं तिचं म्हणणं. गाडीचं डोकं म्हणजे हँडल, आणि हँडलच्या बरोबर मध्ये, जिथं तो नट आहे, तिथं गाडीची टाळू. लहान पोराची टाळू तेलानं भरतात तशी ही नारळाच्या पाण्यानं भरायची. दर वर्षी ती नारळ फोडून पाणी थेंबाथेंबानं तिथंच जिरवते, वर हळद-कुंकू, वर अक्षता. "बग कसं पितीया," असं मला दाखवतेसुद्धा. गाडी खरोखर पीत होती.

मीरासाबांनी वाटीचा वास घेऊन पाहिला. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मग ते भिंतीला टेकले आणि इतके हसले की ज्ञानू समोरून धावत आला.

"जल्मभर कोनसेट काढलं," ते डोळे पुसत म्हणाले, "पन खोबऱ्याची चटनी आजच बघितली!"

हुसेनबी जिना उतरून खाली आल्या, लगदा बघितला आणि तोंडाला पदर लावून त्याही हसल्या. मलाही हसू आलं. वर्षभर धरलेला पाण्याचा पेला कुणीतरी हातातून काढून घ्यावा तसं हलकं वाटत होतं. हात गेले नव्हते. आक्का म्हणाली होती तसं, गाडीतच होतं.

आणि लगेच दुसरा विचार आला. गाडीत होतं ते आक्कानंच ओतलेलं होतं. तिचं मनगट तिच्याच पूजेनं मोडलं होतं. हे तिला कळलं तर?

"सांगूच नगासा," मीरासाब म्हणाले. "मी टोपन करून बसिवतो. रबराच्या वायसरसकट. मग बादलीभर ओतू द्या. त्येंची पूजा हुईल, तुमची गाडी वाचंल."

"का सांगू नये?" हुसेनबी म्हणाल्या. "मला कुनी असं चोरून ठेवलं आन् मागनं कळलं, तर मी दोन दिस जेवन देनार न्हाई."

"तू तशीबी कुटं देतीस?"

"आज न्हाईच मिळायचं तुमाला."

कोनसेट नवा मिळाला नाही. मीरासाबांनी दुसऱ्या एका गाडीचा घेतला आणि ज्ञानूनं लेथवर त्याच्या वाट्या माझ्या गाडीच्या मानेत बसतील अशा उतरवल्या. नवे छर्रे ग्रीसमध्ये एकेक बोटानं लावले गेले. वर पितळी टोपण आलं, मुगाच्या डाळीसारखं पिवळं. नट किती आवळायचा यावर मीरासाब बराच वेळ घालवत होते. जास्त आवळला तर हँडल जड, कमी आवळला तर खडखड. ते चाक उचलून एका बोटानं ढकलून बघायचे, आणि मग मला म्हणायचे, "आता तुमी." हँडल फिरायचं, डावीकडे जायचं आणि जिथं वजन नेईल तिथपर्यंत पार टोकाला जाऊन टेकायचं. मधे कुठं त्याला सवय उरली नव्हती.

"आता चालवून बगा," मीरासाब म्हणाले.

मी एकटा एक चक्कर मारून आलो. छान होतं. मीरासाबांनी मान हलवली. "ही टेस्ट न्हाई. एकट्यानं तर मीबी म्हनलो हुतो लोणी. मागं एका अंगाला बसनारी बाई पायजे."

तेवढ्यात हुसेनबी डबा घेऊन जिन्यातून आल्या. "मला यादवनगरला नसरीनकडं सोडा. लेकीला कालवन द्यायचंय. हे काय सोडत न्हाईत, गिऱ्हाईक हाय म्हन्त्यात."

"मी... म्हणजे तुम्ही रिक्षानं गेलात तर..."

"रिक्षात काय टेस्ट हुतीया?" असं म्हणून त्या आक्कासारख्याच, दोन्ही पाय डावीकडे सोडून, गाडीवर बसल्यासुद्धा. आक्काहून जड होत्या. "डबा काठोकाठ हाय, सर. सांडलं तर तुमच्याच शर्टाला पुसनार."

गल्लीच्या तोंडाशी डावं वळण होतं. समोरून उसाच्या कांड्यांनी भरलेली हातगाडी आली, रसवंतीवाल्याची, त्यामुळे वेग आणखी कमी करावा लागला. अगदी पडलो होतो तेवढा. हँडल थोडं डावीकडे गेलं, त्या जुन्या जागेवर आलं. मी वाट बघत होतो. ते त्या जागेवरून पुढे गेलं, जणू तिथं कधी काही नव्हतंच, आणि आपण वळलो आहोत हे मला वळून झाल्यावर कळलं.

"का थांबलासा?" मागून हुसेनबी म्हणाल्या.

मी खरोखर थांबलो होतो. "काही नाही," म्हणालो आणि निघालो. यादवनगरपर्यंत मी आणखी तीन डावी वळणं घेतली. त्यातलं एक गरज नसताना घेतलं.

"हितनं लांब पडतंय की," त्या म्हणाल्या.

"हो," मी म्हणालो.

उतरल्यावर त्यांनी डबा उघडून दाखवला. सांडलं नव्हतं. "आक्कास्नी सांगा," जाताना त्या एवढंच म्हणाल्या.

घरी येऊन मी यशराजला फोन केला आणि गाडी विकायची नाही म्हणून सांगितलं. मी कोनसेटचं सगळं सांगितलं, अक्षता सोडून. "तुमी म्हन्ताय तर ठीक हाय मामा," तो म्हणाला. "पन आईला हेल्मेट घालायचं. त्यात माघार न्हाई." मी कबूल केलं.

मग कार्ड लिहायला बसलो. पहिल्या कार्डावर नुसतं 'हो, नेतो' लिहिलं. ते खरं होतं. टोपण बसवलेलं होतं, आक्काला काही कळण्याचं कारण नव्हतं, आणि तिचं मन जपलं गेलं असतं. मी ते कार्ड बराच वेळ समोर ठेवून बसलो. माझं नेहमीचं सुरू झालं. सांगावं तर तिला टोचेल, न सांगावं तर आपण तिला फसवतो. या वेळी मात्र मला एक गोष्ट दिसत होती. वर्षभर मी म्हणत होतो माझे हात गेले, यशराज म्हणत होता मामाचं वय झालं, मीरासाबसुद्धा तेच म्हणाले. गाडीतच काहीतरी आहे असं एकटी आक्का म्हणत होती, मोडलेलं मनगट गळ्यात अडकवून. ती बरोबर होती हे तिला कुणी सांगायचंच नाही का? आणि बरोबर होती हे सांगायचं, तर काय बरोबर होतं तेही सांगायला हवं. तिच्या मनाची काळजी करत मी बसलो होतो, पण ती माझ्यासारखी नाही. ती आधी कपाळावर हात मारेल, मग सुनेला ओरडून सांगेल, मग सगळ्या गल्लीला.

मी दुसरं कार्ड घेतलं आणि न थांबता लिहिलं.

"आक्का, व्हय. पन्हाळ्याला जायचं, राजदूतवरच. तू म्हणालीस ते खरं निघालं, माझ्या हातांना काही झालेलं नव्हतं, गाडीतच होतं. काय होतं सांगू? तू टाळूवर ओतलेलं नारळाचं पाणी. आत मुरून सगळं गंजलं होतं. तुझ्या अक्षता निघाल्या, कुंकवासकट. मेकॅनिक हसून हसून भिंतीला टेकला. आता दुरुस्त झालं आहे आणि वर पितळी टोपण बसवलं आहे, तेव्हा यंदाही तुला पाहिजे तिथंच ओत. फक्त हेल्मेट घालावं लागेल, ते यशराजनं कबूल करून घेतलंय. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी ये. कृष्णा."

कार्ड वाचून पाहिलं असतं तर मी ते फाडलं असतं. म्हणून वाचलं नाही. पत्ता घातला, बोळातून गाडी काढली आणि पोस्टापर्यंत गेलो. चालत जाण्याएवढंच अंतर होतं. पोस्टमन पेटी उघडून पत्रं पोत्यात भरत होता. मी गाडीवर बसल्या बसल्याच कार्ड पुढे केलं.

"जयसिंगपूर?" त्यानं पत्ता वाचला. "उद्या पोचतंय."

"पोचू दे," मी म्हणालो.

त्यानं ते पोत्यात टाकलं.